नाकागोवरचा गंज : ठेवायचा किती, काढायचा किती?

मुठीआड

प्रश्न जपानी तलवारीच्या पात्याचा नाही, मुठीत लपलेल्या शेपटाचा, म्हणजे नाकागोचा आहे.

वस्तू : शिन्तो काळातली (साधारण १५९६ ते १७८१) वाकिझाशी (आखूड तलवार), लोहाराची दोन अक्षरी सही, मेकुगीसाठी (मूठ धरून ठेवणारी बांबूची खुंटी) एकच भोक. नाकागोचा बराचसा भाग गडद तपकिरी, जवळजवळ काळा आणि हाताला गुळगुळीत. मात्र टोकाकडे दोन बोटं रुंदीचा पट्टा आणि भोकाची कड नारिंगी-तांबडी झाली आहे. फडकं फिरवलं की भुकटी उतरते.

"नाकागोला हात लावू नका" हे सगळेच सांगतात. मान्य. पण हा तांबडा गंज सरकत सहीपर्यंत पोचला तर? आणि तेल लावायचं की नाही, यावर तर दोन जाणकारांचं एकमत दिसत नाही. माहीतगारांनी पायऱ्यांसकट लिहावं ही विनंती.

गंजेडी

आयडीला जागून पहिला प्रतिसाद माझा.

दोन्ही गंजच, पण स्वभाव उलटे. काळा-तपकिरी थर म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट आणि गोएथाइट. दाट, लोखंडाला घट्ट धरून बसलेला. पाणी आणि हवा त्यातून सहज आत जात नाहीत. नारिंगी भुकटी बहुतेक वेळा लेपिडोक्रोसाइट असते. ती सैल, सच्छिद्र आणि दमट हवेतलं पाणी धरून ठेवणारी. तिच्या खाली गंजणं चालूच राहतं. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे पापुद्रे सुटतात. पापुद्र्याबरोबर कानशीच्या रेघाही (यासुरिमे) जातात, आणि त्या परत येत नाहीत.

म्हणजे हात लावायचा नाही तो काळ्या थराला. तांबडा थांबवायलाच हवा.

गंज जिवंत आहे का हे बघायला कोरडं पांढरं सुती फडकं घ्या आणि बोटाच्या हलक्या दाबाने एकदाच फिरवा. रंग उतरला तर जिवंत. नाही उतरला, तर दिसायला कितीही तांबूस असो, सोडून द्या. शिन्तो काळातल्या नाकागोचा रंग मुळातच तपकिरीकडे झुकलेला असतो. कामाकुरा काळातल्यासारखा (११८५ ते १३३३) काळाभोर नाही म्हणून त्याला आजारी ठरवू नये.

एक धोक्याची खूण. दमट दिवसांत पृष्ठभागावर बारीक पिवळट-तांबडे थेंब घामासारखे उमटत असतील तर आत क्लोराइड शिरलंय, घामातून किंवा खाऱ्या हवेतून. तिथे घरगुती इलाज पुरत नाही, धातू संवर्धकच गाठावा लागतो.

कोकणी_काडी

आमच्याकडे जून ते सप्टेंबर माणसंच गंजतात, तलवारीचं काय घेऊन बसलात!

बाकी पितांबरी चालेल का? (पळालो)

साणेवरची

पळालात ते बरं केलंत. तांब्या-पितळेची भांडी उजळणारं काहीही इथे चालणार नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, फॉस्फोरिक आम्लवाले गंजनाशक, सगळं त्यातच आलं. आम्लाला काळा आणि तांबडा असा भेद कळत नाही, ते दोन्ही विरघळवतं. मागे उरतं राखाडी, मॅट, मेलेलं लोखंड. बाजारात 'सुरक्षित' म्हणून मिळणारे, आम्ल नसलेले गंज-द्रव त्याहून फसवे. हात भाजत नाहीत आणि नाकागो मात्र रात्रीत पांढरा.

मुठीआड, पायऱ्या देते.

आधी मूठ उतरवा. मेकुगी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळती असते. निमुळत्या बाजूने पितळी हातोडीच्या टोकाने हलकेच ढकला. मग मूठ डाव्या हातात टोकाकडे धरायची, धार स्वतःपासून दूर, पातं तिरकं उभं. उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोसे द्यायचे. पातं मुठीतून वर उडी मारतं. पहिला ठोसा हळू द्या, सैल बसलेलं पातं एका झटक्यात बाहेर येतं. अजिबात हललं नाही तर त्सुबाखाली (मूठ आणि पातं यांच्यामधली तबकडी) लाकडी ठोकळा टेकवून लाकडी हातोडीने ठोका. मुठीत गंज-सुटका फवारे मारू नका. ते लाकूड पितं आणि नंतर वर्षानुवर्षं नाकागोला परत पाजतं.

आता हाबाकीपासून (पात्याच्या बुडाशी बसणारं धातूचं कडं) वरचं पॉलिश केलेलं पातं स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. हे विसरलात तर गंजाचा एक कण आरशासारख्या पॉलिशवर रेघ ओढून जाईल, आणि ती रेघ काढायला तोगीशीकडे (पॉलिश करणारा कारागीर) जावं लागेल. नाकागोचं फडकं वेगळं ठेवा, ते पात्याला कधीही लावू नका. उचिकोची पुरचुंडी नाकागोवर मारू नका. ती दगडाची पूड आहे, कानशीच्या रेघांत जाऊन बसते.

मग फक्त तांबड्या भागावर हलक्या खनिज तेलाचे एक-दोन थेंब, तेही फडक्यावर घेऊन. रात्रभर मुरू द्या. सकाळी बांबूची काडी छिन्नीसारखी सपाट तासून, अगदी निजती धरून, कानशीच्या रेघांच्या दिशेने चालवा. आडवी चालवलीत तर रेघांचे उंचवटे तुटतात. भुकटी टिपा आणि परत तेल. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, आठवड्याच्या अंतराने करा. काडीखाली टणक, न सुटणारा तपकिरी थर लागला की थांबा, मग तो डोळ्याला कितीही कमी-जास्त रंगाचा दिसो. शेवटी तेल पूर्ण टिपून काढा आणि एक दिवस मोकळ्या, कोरड्या हवेत ठेवून मगच मूठ चढवा.

सहीच्या अक्षरांत काडीसुद्धा घालू नका.

तांब्याचा_पैसा

तांब्याचं नाणं घासून टोकदार केलं तर? परदेशातले संग्राहक वापरतात असं वाचलंय.

साणेवरची

वापरतात. तांबं मऊ, त्यामुळे पोलादाला ओरखडा पडत नाही हे खरं. पण टणक गंजावर तांबंच झिजतं आणि त्याचा लालसर लेप मागे राहतो. तो उतरवायला अजून घासणं आलं. जाड पापुद्रा असेल तर शिंगाचा किंवा हाडाचा तुकडा बरा. स्टील वूल आणि पितळी ब्रश यांचा तर विषयच काढू नका.

शिक्कामोर्तब

'का' हा भाग वर थोडक्यात आलाय, त्यात भर घालतो, कारण तोच नीट कळला की कसं वागायचं ते आपोआप कळतं.

नाकागो हा तलवारीचा दस्तऐवज आहे. पातं दर काही पिढ्यांनी पॉलिश होतं आणि झिजतं. नाकागोला पॉलिशवाला माची (पातं आणि नाकागो यांच्या सीमेवरची खाच) ओलांडून हात लावत नाही. म्हणून लोहाराच्या हातचा मूळ पृष्ठभाग फक्त इथेच उरतो. कानशीचा कल घराणं सांगतो. आओए घराण्याचे तीव्र तिरके ओरखडे, होशोची जाळीदार नक्षी, या सह्यांइतक्याच खुणा आहेत. टोकाचा आकारही तसाच.

आता सही. छिन्नी मारली की रेघेच्या कडेला धातू किंचित वर उचलला जातो, त्याला तागाने-माकुरा म्हणतात. अस्सल जुन्या सहीत हा उंचवटा काळाने बोथट झालेला असतो, आणि रेघेच्या तळाचा गंज आजूबाजूच्या गंजाशी जुळतो. जुन्या नाकागोवर नंतर कोरलेल्या खोट्या सहीत (गिमेई) उंचवटा तीक्ष्ण असतो, रेघेचा तळ उजळ किंवा वेगळ्या रंगाचा दिसतो, आणि काळा थर रेघेच्या कडेला तुटलेला असतो. नागासोने कोतेत्सु या सतराव्या शतकातल्या नामवंत लोहाराच्या नावाच्या खोट्या सह्यांचा तर सुकाळ आहे. त्यातल्या कितीतरी इथेच पकडल्या जातात.

तलवार आखूड करताना (सुरिआगे) पात्याचा खालचा भाग नाकागोत जातो. म्हणून अशा नाकागोवर गंजाच्या दोन वयाच्या पट्ट्या दिसतात, माचीजवळ तरुण आणि खाली म्हातारी. घासलं की ही सगळी साक्ष एकदम पुसली जाते. पुढे प्रमाणपत्रासाठी तलवार एनबीटीएचकेकडे (१९४८ साली स्थापन झालेली जपानी कला-तलवार संवर्धन संस्था) गेली, तर परीक्षकांपुढे ठेवायला काही उरत नाही.

अर्धा_पंडित

जरा उलटा सूर लावतो.

एक, पुरातत्त्वातल्या लोखंडावर संग्रहालयंच टॅनिक आम्ल लावतात आणि काळा स्थिर थर मिळवतात. मग इथेच ते पाप का?

दोन, सही खोटी ठरली तर जपानमध्येच ती काढून टाकून तलवार बिनसहीची म्हणून परत परीक्षेला पाठवतात. तेव्हा हा पवित्र गंज कुठे जातो? दस्तऐवज म्हणता आणि पान फाडता?

तीन, त्सुबाला तर कारागीर सरळ नवा गंज चढवतात. त्याला साबिझुके म्हणतात आणि ती कला मानली जाते.

रिकामटेकडा_रोनिन

🍿 घेऊन बसलोय.

गंजेडी

टॅनिक आम्लाचं आधी. जमिनीतून निघालेल्या लोखंडात मूळ धातूचा पृष्ठभाग बहुधा उरलेला नसतो. तिथे वस्तू वाचवणं हेच काम असतं, रंगाला साक्षीची किंमत नसते. लोह-टॅनेटचा थर निळसर-काळा आणि एकसारखा येतो. नेमका हाच रंग वय लपवू पाहणाऱ्याला हवा असतो. कडक चहा वापरून केलेले 'जुने' नाकागो याच रसायनावर चालतात. तुम्ही सद्हेतूने लावलंत तरी पुढच्या परीक्षकाच्या नजरेत ते रंगवलेलंच.

शिक्कामोर्तब

दुसरा मुद्दा बिनतोड आहे, टाळत नाही. खोटी सही असलेल्या तलवारीला एनबीटीएचकेचं प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून लोक सही काढतात. त्यावर तिथेही मतभेद आहेत, आणि मला स्वतःला ते पटत नाही. खोटी सहीसुद्धा इतिहासच आहे. शिवाय आज खोटी ठरलेली सही उद्या खरी ठरू शकते, पण काढलेली परत कोरता येत नाही. तरी फरक एवढा, की ते काम जाणता कारागीर ठरवून, ठरावीक जागी करतो. आपण बाल्कनीत स्टील वूल घेऊन बसतो, ते वेगळं.

आणि कागदाचं लक्षात ठेवा. जपानमधल्या नोंदणीपत्रावर (तोरोकुशो, ही पद्धत १९५० पासूनची) पात्याची लांबी, वक्रता, मेकुगीच्या भोकांची संख्या आणि सही लिहिलेली असते. सही गेली किंवा भोक वाढलं की कागद आणि वस्तू जुळत नाहीत. घासून सही अस्पष्ट झाली तरी तोच घोळ.

त्सुबाचं म्हणाल तर तो दागिना आहे, दिसण्यासाठीच केलेला. नाकागो लोहाराने पांढराच सोडलेला असतो, रंग चढवतो तो काळ. आजच्या जपानी लोहाराने केलेल्या नव्या तलवारीचा नाकागो बघा, चकचकीत असतो.

अर्धा_पंडित

दुसऱ्या मुद्द्यावर गुण मिळाले, एवढ्यावर समाधान मानतो.

देवदारी

तेलाच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही. माझं मत, नाकागोला तेल नको. तेल लाकडात मुरतं, शिरासायाची (साधी लाकडी म्यान-मूठ) किंवा सजावटीच्या मुठीची आतली बाजू मऊ पडते, धूळ धरते, आणि मूठ सैल होते. सैल मूठ म्हणजे मेकुगीवर सगळा भार.

साणेवरची

अंशतः असहमत. थेंब ओघळेल इतकं तेल नको, हे बरोबर. पण पात्याला तेल लावून झाल्यावर कागदावर जे उरतं, ते नाकागोवरून एकदा फिरवावं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावं. बोटाला ओशट लागलं तर जास्त झालं. बोट कोरडं आणि पृष्ठभागाला किंचित तुकतुकी, इतकंच हवं. तलवार पाहताना नाकागो उघड्या हाताने धरायची पद्धत आहे. तेव्हा हाताचा घाम लागतोच, आणि घामातलं मीठ तसंच ठेवण्यापेक्षा हे बरं.

देवदारी

समुद्राकाठी तुमचं मान्य. कोरड्या हवेत अजूनही नको म्हणेन. आणि बघणं झालं की कोरड्या फडक्याने पुसणं पुरेसं आहे.

कोकणी_काडी

आता गंभीर प्रश्न. जपानी तलवारींना लावतात ते चोजी तेल म्हणजे लवंगेचंच ना? मग आयुर्वेदिक दुकानातली बाटली आणली तर?

गंजेडी

अजिबात नको! चोजी तेल म्हणून जे मिळतं ते बहुतेक खनिज तेल असतं, लवंग वासापुरती. दुकानातलं शुद्ध लवंग तेल म्हणजे मुख्यतः युजेनॉल. ते हवेत घट्ट होत जातं. खोबरेल आणि तिळाचं तेल खवट होतं. खवट होणं म्हणजे त्यात आम्ल तयार होणं. शिलाई मशीनचं बिनवासाचं, हलकं खनिज तेल चालतं. जपानी त्सुबाकी (कॅमेलिया) तेल वाळून चिकट होत नाही, तेही चालेल.

मेणाचं कोणी विचारायच्या आत सांगतो. संग्रहालयांत शस्त्रांवर मायक्रोक्रिस्टलाइन मेण वापरतात आणि ते द्रावकाने काढताही येतं. पण नाकागोवर ते कानशीच्या रेघांत आणि सहीत भरून बसतं. वाचणाऱ्याची अडचण होते.

फौजी_पेटारा

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी तलवारींबद्दल (गुन्तो) थोडं, कारण आपल्याकडे जपानी तलवार दिसते ती बहुतेक हीच. ब्रह्मदेशात शरण आलेल्या अधिकाऱ्यांच्या तलवारी रेजिमेंटच्या मेसमध्ये आणि काही घरांतही आहेत.

यांच्या नाकागोवर तीन गोष्टी शोधा. पहिली, माचीखाली ठोकलेला छोटा शिक्का (शोवा, सेकी वगैरे). तो असेल तर पातं बहुधा पारंपरिक पद्धतीचं नाही. दुसरी, कडेला ठोकलेले जुळणी-क्रमांक. तिसरी आणि सगळ्यात नाजूक म्हणजे रंगाने, ब्रशने लिहिलेले आकडे किंवा अक्षरं, लाल, पांढरी किंवा काळी. ती तेलानेही पुसट होऊ शकतात आणि थिनर किंवा अ‍ॅसिटोनने तर एका पुसण्यात जातात. आधी फोटो, मग बाकी सगळं. गंज काढायचा असेल तर ती जागा सोडून.

आणि गुन्तोच्या मुठीत जुनं पातं सापडतं, हे विसरू नका. घराण्याचं पातं लष्करी साजात बसवून नेणारे अधिकारी होते. म्हणून "युद्धातलीच तर आहे" म्हणून नाकागो घासायला घेऊ नये.

खंडेनवमीचा_गोंधळी

थोडं अवांतर. खंडेनवमीला शस्त्रपूजेत ही तलवार ठेवली तर हळद-कुंकवाचं काय? आपल्या तलवारींना आपण सर्रास लावतो.

शिक्कामोर्तब

म्यानावर किंवा खाली पाटावर वाहा. ओलं हळद-कुंकू पात्यावर सुकलं की बोटाचा ठसा गंजात उमटतो. नाकागो तर बाहेर काढायचंच कारण नाही.

आपल्या तलवारीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण शेपूट आखूड असतं आणि मुठीत लाख-राळ ओतून कायमचं बसवलेलं असतं. ते कोणी वाचत नाही, म्हणून कोणी जपतही नाही. जपानी मूठ एका बांबूच्या खुंटीवर उघडते. त्यामुळे लोहार तिथे नाव, गाव आणि कधी तारीखही कोरतो. महिना बहुतेक दुसरा किंवा आठवाच, ते संकेत म्हणून, खरी तारीख म्हणून वाचू नये.

रिकामटेकडा_रोनिन

म्हणजे जपानी लोहार दोनच महिने काम करायचे. नोकरी असावी तर अशी.

देवदारी

साठवणीबद्दल. गंज सारखा परत येत असेल तर दोष बहुधा मुठीचा. जुन्या मुठीच्या आत तेल, घाम आणि सुटलेली तांबडी भुकटी यांचा चिखल बसलेला असतो. नाकागो कितीही साफ करा, परत तिथेच घालणार. पातं शिरासायात, म्हणजे साध्या होनोकी लाकडाच्या म्यान-मुठीत ठेवावं आणि सजावटीचा साज वेगळा, लाकडी नकली पात्यावर. शिरासाया भाताच्या खळीने चिकटवलेला असतो, तो मुद्दाम, म्हणजे आतून साफ करायला दोन फाका उघडता येतात. हे काम मात्र कारागिराचं.

ओक लाकडाची पेटी किंवा कपाट नको, त्यातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सुटते. चामड्याच्या पिशवीतही दीर्घकाळ नको.

हवेची आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत असावी. कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट वाकिझाशीला आखूड पडतं, म्हणून लांब हवाबंद पेटी, सिलिका जेल आणि आत एक आर्द्रतामापक ठेवा. लोखंडाला आणखी कोरडं चालेल, पण ४० च्या खाली शिरासायाचे सांधे उकलायला लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात जेल महिन्यात बऱ्याचदा भाजावं लागतं. रंग बदलायची वाट बघू नका, मापक बघा.

तांब्याचा_पैसा

आणि आधीच कोणीतरी घासून पांढरा केलेला नाकागो असेल तर?

साणेवरची

काहीच करायचं नाही. चहा नाही, मिठाचं पाणी नाही, जाळ नाही. पातळ तेलाचा हात आणि कोरडी जागा. काही दशकांत तपकिरी होईल. विकताना 'नाकागो साफ केलेला' असं स्पष्ट लिहा.

मुठीआड

सगळ्यांचे आभार. फडक्याची चाचणी केली : टोकाचा पट्टा जिवंत, भोकाची बाहेरची कड शांत आहे. पण भोकाच्या आतल्या भिंतीवर भुकटी दिसते. तिथे सपाट काडी जात नाही. गोल कानस फिरवायची नाही एवढं कळतंय. मग काय करू? आणि सहीचा फोटो काढायला अक्षरांत टाल्कम भरतात, ते करू का?

शिक्कामोर्तब

टाल्कम नको, ते रेघांत राहतं आणि ओल धरतं. खोली अंधारी करा, नाकागो काळ्या कापडावर ठेवा, कॅमेरा बरोबर वरून, आणि एकच दिवा डाव्या बाजूने जवळजवळ आडवा, १५ ते ३० अंशांत. दिवा थोडा थोडा फिरवून चार-पाच फोटो घ्या, एखादी रेघ एकाच कोनात उठते. कामाला हात घालायच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही संच ठेवा.

साणेवरची

भोकासाठी वर्तमानपत्राचा नको, साध्या पांढऱ्या कागदाचा घट्ट सुरळा करा, भोकात जेमतेम जाईल इतका. आधी कोरडाच फिरवा, मग टोकाला तेलाचा एक थेंब लावून, मग परत नवा कोरडा. कानस घातलीत तर भोक मोठं होईल आणि मेकुगी सैल बसेल. शिवाय भोक हाताने पाडलंय की ड्रिलने, हे आतल्या भिंतीवरूनच ओळखतात, तीही साक्ष जाईल. जुनी मेकुगी तांबडी झाली असेल तर ती परत घालू नका. नवी जुन्या, वाळलेल्या बांबूची करा. बांबूची बाहेरची टणक बाजू पात्याच्या टोकाकडे येईल अशी बसवा, आणि ठोकून नाही, अंगठ्याने दाबून घट्ट बसेल इतपतच तासा.